नेदाला चांगलं म्हणायचं नाही

९ ऑगस्ट, शनिवार

पहिली आली ती स्ताम्काच. रुमेनच्या गाडीचं इंजिन अजून गार व्हायचं होतं, माणसं उतरायची होती, आणि ही बाई ओले हात पुसत फाटकात उभी. मागून पोस्टमन आला, मग वरच्या गल्लीतले म्हातारे आले, पण पहिली तीच. "आले का गं गेर्गिना तुझे पाहुणे?" म्हणे. पाहुणे! अगं, पोटचा पोरगा आहे माझा. स्पेनमध्ये राहतो म्हणून पाहुणा होतो का? स्ताम्काच्या दोन्ही भुवया मधे जुळलेल्या आणि डोळे निळेशार. असल्या बाईची नजर लागते, तिने खरं तर दुसऱ्याच्या अंगणात पहिलं पाऊल टाकूच नये. पण चाळीस वर्षांची शेजारीण, तिला तोंडावर कसं सांगायचं? बसवलं. कलिंगड कापून दिलं. चांगला मोठा तुकडा घेतला तिने, मधला.

यायचे होते संत इलियाच्या सणाला, वीस जुलैला. आले आज. असू दे, आले ना! मी आज इतकी खूश आहे की बानित्साच्या पोळीत चीज दोनदा घातलं आणि मीठ घालायचं विसरले. कुणी काही बोललं नाही. रुमेनने दोन तुकडे खाल्ले.

नातू मार्को अकरा महिन्यांचा, आज पहिल्यांदा हातात घेतला. इथे लिहून ठेवते, तोंडाने म्हणणार नाही: फार देखणा आहे. पायाला वळ्या, गालाला खळ्या, डोळे द्राक्षासारखे. ही वही नेदाची, चौकटी-चौकटीची, पहिलीतली उरलेली. मी चार बुकं शिकले, माझी अक्षरं चौकटीत मावत नाहीत, पण जे बोलून दाखवायचं नसतं ते कुठेतरी ठेवायला हवं. कागदाला डोळे नसतात. लिहून झालं की मी वही देवळीतल्या मरियामातेच्या तसबिरीमागे सारते. तिथे नेदाचा हात पोचत नाही.

आणि माझी नेदा! आता आठ वर्षांची. तीन वर्षांची होती तेव्हा तिचे आईबाप, रुमेन आणि सूनबाई, कामाला स्पेनला गेले, तेव्हापासून माझ्याकडे. या खेपेला तिला घेऊन जाणार आहेत, तिथल्या शाळेत नाव घालायचं ठरलंय. तिची बॅग जूनपासून भरून पलंगाखाली आहे. रोज सकाळी ती बॅग बाहेर ओढते, उघडते, बघते आणि परत ढकलते.

सूनबाई, इव्हेलिना, गाडीतून उतरली ती थेट तिच्याकडे. "अगंबाई, केवढी उंच झालीस गं! आणि केस किती छान..."

माझा जीव उडाला. समोर स्ताम्का उभी! मी तिथूनच ओरडले, "थू थू थू! छान कसले, झाडूचे काटे ते! काळं ध्यान नुसतं. कोंबड्या शिटोत तिच्यावर!"

सगळे हसले. आमच्याकडे असंच म्हणतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. नेदा मान खाली घालून सँडलकडे बघत राहिली. किती समजूतदार! कुणी चांगलं म्हणायला लागलं की आपसूक मान खाली घालते. मीच शिकवलंय. पाच वर्षांत एकदा तापाने फणफणली नाही पोर.

११ ऑगस्ट, सोमवार

इव्हेलिना शहरातली. तिचे आईबाप कारखान्यात, ही पाळणाघरात वाढली, तिच्यावर थू थू करायला कुणी नव्हतंच. त्यामुळे तिला काही कळत नाही. दिवसभर "माझा राजा, माझा हिरा, माझा सगळ्यात सुंदर मुलगा" चाललेलं असतं. वर त्याचा फोटो काढून फोनवर टाकते. मला दाखवलं, म्हणाली, "बघा आई, चारशे लोकांनी बदाम दिलाय."

चारशे! म्हणजे आठशे डोळे.

मला एमिल आठवला. रुमेनच्या आधीचा माझा पहिला. सोनेरी कुरळे केस. जत्रेत फोटोवाल्याने त्याचा फोटो काढला आणि दुकानाच्या काचेत लावला, न विचारता. बाजाराला आलेली माणसं थांबून थांबून बघायची, "कुणाचं गं हे लेकरू?" मी मूर्ख, अभिमानाने सांगायची, माझं म्हणून. नवव्या दिवशी गेला. चार वर्षांचा होता. मग रुमेन झाला तेव्हा मी त्याचं नावसुद्धा मोठ्याने घेतलं नाही वर्षभर. "ए कुरूप", "ए बेढब" असंच म्हणायची. वाढला की नाही सहा फुटांचा? आता गवंडीकाम करतो, मोठमोठ्या इमारती बांधतो म्हणे. बोलतो मात्र कमी. आज सकाळी नेदाने त्याला तिची चित्रकलेची वही दाखवली. त्याने पानं उलटली, बराच वेळ बघितलं, मग वही मिटून म्हणाला, "घोड्याचे पाय आखूड झालेत." माझंच लेकरू! बरोबर तेच बोलला जे बोलायला हवं.

घोडा झकास होता. उड्या मारत होता.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज मिरच्या भाजल्या. अंगणात भट्टी लावली, सगळं अंगण त्या वासाने भरून गेलं. नेदा सालं काढत होती. बोटं भाजतात, पण ती हूं की चूं करत नाही. शेजारी मार्कोची टोपली ठेवलेली. तो झोपेत नेदाचं बोट घट्ट धरून होता, म्हणून ती एकाच हाताने सालं काढत होती, दीड तास.

मला म्हणाली, "आजी, आई याला सुंदर म्हणते. सगळ्यांच्या देखत."

"हो ना गं. आणि थुंकत पण नाही," मी म्हटलं. "अशाने पोर टिकत नाही."

"मरेल?"

"गप. असं बोलू नये."

थोड्या वेळाने परत: "मग त्याच्यावर खरंच कोंबड्या शिटल्या तर?"

मला हसूच आलं. माझी आजी तसंच सांगायची. म्हटलं, "तर काय, मग कुणाची टाप आहे नजर लावायची! कपाळाला खरी शीट लागली की राजाच्या पोरालासुद्धा काही होत नाही. पण गुपचूप करायचं असतं ते. सांगितलं की गुण जातो."

तिने मान डोलावली. फार लक्ष देऊन ऐकते. गावात आता एवढ्या लक्षाने माझं कोण ऐकतं?

मिरच्यांची चटणी, ल्युतेनित्सा, चौदा बाटल्या झाली.

१६ ऑगस्ट, शनिवार

कालचं आज लिहिते. काल मरियामातेचा सण होता, घर माणसांनी भरलेलं. दुपारी टेबल अंगणात मांडलं, स्ताम्का आली, सगळी गल्ली आली. रकियाची दारू, काकडी-दह्याचं सार, भरलेल्या मिरच्या. मार्को या हातातून त्या हातात. "देवदूत आहे गं!" "असं मूल मी जन्मात बघितलं नाही!" एकजण थुंकेल तर शपथ. स्ताम्काने तर त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं आणि म्हणाली, "चित्रातलं लेकरू." नेदा माझ्या खुर्चीमागे उभी होती.

मग मार्को दिसेना. सगळ्यांना वाटलं कुणाच्या तरी मांडीवर असेल. आणि खुराड्याकडून किंकाळी.

इव्हेलिनाच पहिली पोचली. मार्को खुराड्यात, पेंढ्यावर बसवलेला. कपाळाला, गालांना शीट फासलेली. आणि तो आमचा दुष्ट कोंबडा! त्याने झेप घेऊन डोळ्याखाली ओरखडा काढला होता. रक्त. डोळा वाचला, देवाची कृपा. नेदा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेली. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे, कारण तिने हात मधे घातले होते. ते कुणी बघितलं नाही. मी बघितलं.

इव्हेलिनाने मार्कोला उचललं आणि नेदाला असं ढकललं की ती पाण्याच्या पन्हाळीवर आदळली. "हिला तो नकोय! हिला त्याला मारायचं होतं!"

"तसं काही नसेल," रुमेन म्हणाला. मग नेदापुढे बसला. "का केलंस? बोल."

नेदाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी वाईट आहे ना, म्हणून."

शाबास माझी पोर! इथे म्हणते, शाबास. खरं सांगितलं असतं तर सगळा गुण वाया गेला असता. आठ वर्षांची पोर आणि एवढा धीर! मला रडूच आलं अभिमानाने. तोंडावर एप्रन धरला.

पण मग इव्हेलिना माझ्याकडे वळली. कडेवर पोर, पोराच्या गालाला रुमाल, तोंड पांढरंफटक. "आई, तुम्ही पाच वर्षं हिच्याबरोबर राहिलात. मी रात्रपाळीला जाते, रुमेन पहाटे जातो, या दोघांना एका घरात सोडून जायचंय मला. ही कशी आहे? खरं सांगा."

जिभेच्या टोकावर आलं होतं. सोनं आहे गं माझी नेदा. दीड तास बोट सोडवून घेतलं नाही तिने. सगळं आलं होतं. पण पलीकडे स्ताम्का, हातात बशी, त्या जुळलेल्या भुवया, तो निळा डोळा नेदावर रोखलेला. आणि सगळी गल्ली. भर दुपारी, सणाच्या दिवशी, एवढ्या माणसांत मी तिला सोनं म्हणू? एमिलला म्हटलं होतं.

तोंडातून जे नेहमी येतं तेच आलं. "काय सांगू बाई. वाईट खोडीची आहे, वाकडीच जन्मली. तिला कसली कुणाची माया!"

आणि मनात तीनदा थुंकले.

स्ताम्का म्हणाली, "अरेरे."

१८ ऑगस्ट, सोमवार

मार्कोला काही नाही. डॉक्टरने पट्टी लावली, खेळतोय. गुण आला! शीट लागली म्हणून डोळा वाचला, मला तर स्पष्ट दिसतं. कुणाला सांगायची सोय नाही एवढंच.

नेदाला नेणार नाहीत.

मी काल इव्हेलिनाला स्वयंपाकघरात एकटीला गाठलं. ती मार्कोचे कपडे घडी करत होती. म्हटलं, "अगं, ती तशी नाही गं."

"तुम्हीच म्हणालात ना, आई."

"मी म्हटलं, कारण तसं म्हणायचं असतं."

"मग आता जे म्हणताय तेही म्हणायचंच असतं म्हणून?" ती म्हणाली, आणि रडायला लागली. "मी काय करू? मी तिला ओळखतच नाही. ती माझ्याशी बोलत नाही. मी विचारलं, माझ्याबरोबर यायचंय ना तुला, तर म्हणते, तुम्हाला मी आवडणार नाही. असं कुठलं मूल बोलतं?"

मी म्हटलं, "नम्र आहे."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चुलीवरचं दूध बघायला वळले. दूध नव्हतंच चुलीवर.

खरं लिहिते, इथे खोटं लिहून कुणाला फसवायचंय? 'नेणार नाही' हे ऐकलं तेव्हा माझं काळीज एकदा आनंदाने उडालं. एकदाच. घरात दुसरी ताटली राहील, सकाळी कुणाला तरी उठवायचं असेल. मग लाज वाटली. देवळीपुढे मेणबत्ती लावली.

नेदाला कुणी सांगितलं नव्हतं. पण आज सकाळी बघते तर कपडे सगळे परत फळीवर, घड्या मोडू न देता, आणि रिकामी बॅग दाराजवळ. रुमेनला म्हणाली, "बाबा, बाटल्यांना घ्या." त्याने तिच्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. मग वर्तमानपत्रात गुंडाळून चौदाच्या चौदा बाटल्या त्या बॅगेत बसवल्या. बरोबर बसल्या.

२० ऑगस्ट, बुधवार

गेले.

इव्हेलिना मार्कोला घेऊन आधीच गाडीत बसली होती. बसण्याआधी तिने नेदाच्या हातावरचे ओरखडे पाहिले, पहिल्यांदाच. "हे काय झालं?" नेदाने हात पाठीमागे घेतले. "पडले," म्हणाली. गुपित अजून पोटात. फार पक्की पोर आहे.

रुमेन माझ्याजवळ आला. मला वाटलं गळ्यात पडेल. तो म्हणाला, "आई, मला कधी एकदा तरी चांगलं म्हणाली होतीस का गं? एकदा?"

मी म्हटलं, "जगलास ना तू?"

त्याने खाली वाकून टायर दाबून बघितलं, बोटांनी, हवा आहे की नाही ते. हवा होती.

नेदाकडे वळून म्हणाला, "आजीला त्रास देऊ नकोस." तिच्या डोक्याकडे हात नेला, पण मधेच स्वतःचाच कान खाजवला.

जाणाऱ्याच्या वाटेवर पाणी ओततात, रस्ता पाण्यासारखा सरळ जावा म्हणून. तांब्याचं भांडं नेदाने मागून घेतलं. दोन्ही हातांनी धरून फाटकापर्यंत नेलं, गाडी हलली तशी ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. अर्धं पाणी तिच्याच सँडलवर पडलं. प्रवासासाठी घेतलेले नवे सँडल. स्ताम्का कुंपणावरून म्हणाली, "गेले का पाहुणे?"

मी म्हटलं, "गेले."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही, द्राक्षं होती. शाळा सुरू झाली. आज शिक्षिका कालिनाबाई स्वतः घरी आली, शेजारच्या गावातून पायी. कालपरवाची पोर, पण मनाने बरी. मला आनंदच झाला, अक्रोडाचा केक कापला.

ती म्हणाली, नेदा गणितं बरोबर सोडवते आणि मग हाताने झाकून ठेवते. विचारलं तर म्हणते, येत नाही. वर्गाचा फोटो काढला, सात मुलं, तर ही ऐनवेळी मान वळवून उभी राहिली. फोटो दाखवला मला. सहा चेहरे आणि एक वेणी. मला तर हायसं वाटलं! काचेत लागला तरी भीती नाही.

"आणि आज," कालिनाबाई म्हणाली, "पहिलीतला छोटा स्तोयान पडला, तर सगळ्यात आधी तीच धावली, उचललं, धूळ झटकली. मी म्हटलं, नेदा, किती चांगली आहेस तू! तर कोपऱ्यात जाऊन स्वतःच्या चेहऱ्याला खडूचा चुरा फासून आली. आजी, घरी तिला एकदा तरी चांगलं म्हणा. एकदाच."

मी म्हटलं, "बाई, तू तरुण आहेस. कुणाला पुरलंयस का?"

ती केक अर्धा ठेवून गेली.

ती गेल्यावर एकदा वाटलं, ही वही काढावी आणि नेदाला वाचून दाखवावी. घोड्याचं, बोटाचं, ओरखड्यांचं सगळं. खुर्चीवर चढलेसुद्धा. मग खिडकीतून बघितलं, स्ताम्का तिच्या अंगणात कांदे सुकवत होती, तोंड इकडेच. उतरले. एवढी वर्षं सांभाळलंय, आता एका वाक्यासाठी कशाला? मी मेल्यावर तसबीर काढतील तेव्हा मिळेलच तिला.

२८ सप्टेंबर, रविवार

फोन आला! मार्को चालायला लागला, पाच पावलं. इव्हेलिनाने पडद्यावर दाखवलं, आपटला आणि हसला. डोळ्याखाली बारीक पांढरी रेघ राहिलीय. तिने स्वतःहून "थू थू" केलं, ऐकून मला एवढा आनंद झाला! शिकली बाई. "नेदा कुठंय?" असंही विचारलं. नेदा टेबलाखाली मांजर शोधत होती. आमच्याकडे मांजर नाही.

रुमेन म्हणाला, "संत गेओर्गीच्या सणाला येतो आई, सहा मेला. या वेळी नक्की. मग बघू नेदाचं."

माझा हात थरथरतो म्हणून मी नेदाला म्हटलं, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिही आणि दारावर लाव, म्हणजे विसरायला नको. तिने पेन्सिलला टोक केलं, पाटावर बसून लिहिलं: संत गेओर्गी, ६ मे. आई, बाबा, मार्को. कडेने एक छोटं कोकरू काढलं.

मी नेहमीसारखं म्हटलं, "कसलं गं हे अक्षर, कावळा नाचून गेल्यासारखं."

तिने खोडून परत लिहिलं. बघितलं. परत खोडलं, कोकरू पण खोडलं. तिसऱ्यांदा कागद फाटला. मग पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणाली, "आजी, तूच लिही. माझ्या हाताने लिहिलं तर ते यायचे नाहीत."

म्हणून मी लिहिते. अक्षर तिचं मोत्यासारखं होतं, तिन्ही वेळा.

पाहुणे येणार: ६ मे, बुधवार.